तीन पक्ष आणि एक बत्ती

हिशेबच मांडायचा तर या भानगडीतून महालिंगअप्पांना एकच गोष्ट मिळायची होती: सोमवारी संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर बसायला सात माणसं. तीही घाईची नव्हेत. घाईची माणसं दिवसभर येतच होती. "पावशेर साखर द्या, छटाकभर सुपारी द्या, बांधा लवकर अप्पा, बैलं उभी हायेत," की गेली. अप्पांना हवी होती ती मांडी घालून बसणारी माणसं. निवांत पान जमवणारी, दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणारी, आणि उठताना "ऱ्हायलेलं उद्या बोलू" म्हणणारी.

बायको उमादेवी गेल्याला तिसरं वर्ष लागलं होतं. थोरला मुलगा सोलापुरात, धाकटा नांदेडात. दोघंही दिवाळीला पत्र पाठवत, आणि दोन्ही पत्रांतला मजकूर एकच असल्यामुळे अप्पा एकच फोडत. बाकी संध्याकाळच्या वेळी त्यांच्याशी बोलणारं कुणी होतं तर ती शेजारची मनकर्णाबाई. तीही विधवा, पोरबाळ नाही, शेत दिराच्या ताब्यात. दोघांच्या घरांमध्ये ओट्यापासून परसापर्यंत एक छातीभर उंचीची भिंत होती. दिवेलागणीला चूल पेटवता पेटवता बाई भिंतीपलीकडून सुरू व्हायची. "अवो अप्पा, आज पुन्हा खिचडीच का? वास आला म्हनून इचारायले." अप्पा हूं म्हणायचे. या बोलण्याला त्यांनी कधी माणसाची सोबत म्हणून जमेस धरलं नव्हतं. चिमण्यांचा कलकलाट कुणी जमेस धरतं का?

आता तुम्ही म्हणाल, माणसं हवीत तर बोलवावीत. पण ताडकळसच्या पेठेत "या, बसा, मला करमेना" असं कुणी म्हणत नसतं. तसं म्हणणाऱ्याचं एक तर दुकान बसलेलं असतं, नाहीतर डोकं फिरलेलं. माणसं बसवायला काम लागतं, आणि काम नसेल तर कमिटी लागते.

म्हणून अप्पांनी पूर्णेहून एक गॅसबत्ती आणली आणि उमादेवीच्या नावानं गावाला देऊन टाकली. मनातला आडाखा साधा होता. बत्ती गावाची म्हटली की पंच नेमावे लागणार. पंच म्हटले की बैठक आली. आणि बत्ती आपण दिलेली, तेव्हा बैठक आपल्या ओट्यावर.

बत्ती पहिल्या संध्याकाळी पेटली आणि तिच्याआधी भांडण पेटलं. कापडाचे व्यापारी बन्सीधरशेट म्हणाले, "बत्ती पेठेत राहील. उजेड गिऱ्हाइकाला लागतो." माणिकराव म्हणजे रानातल्या, नांगरधाऱ्या लोकांचं तोंड. ते म्हणाले, "गिऱ्हाईक दिवसा येतंय शेटजी. भजन अंधारात असतंय. बत्ती मारुतीपशी ऱ्हाईल." एकाचं म्हणणं, पंच पेठेतले असावेत, कारण त्यांना मोजता येतं. दुसऱ्याचं म्हणणं, पंच रानातले असावेत, कारण पेठेला मोजता येतं हेच तर भ्या.

नेमक्या याच दिवसांत पुण्याहून आलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यात अप्पांना लाटव्हिया सापडला.

अप्पा पुड्या बांधण्याआधी कागद वाचत. त्यामुळे गिऱ्हाइकाला उशीर होई, पण अप्पांना जगाची खबर राही. कागदावर लिहिलं होतं की युरोपात बाल्टिक समुद्राच्या काठी लाटव्हिया नावाचं चिमुकलं प्रजासत्ताक आहे. तिथं राजा नाही. शंभर जणांची लोकसभा आहे आणि तिच्यात पंचवीसच्या वर पक्ष आहेत. मतदार मत देतो ते पक्षाच्या यादीला, आणि ज्या यादीला जेवढी मतं त्या प्रमाणात तिला जागा. बायकांनाही मत आहे. इतक्या पक्षांत कुणाचंच बहुमत होत नाही, आणि मग... इथं कागद संपत होता. पुढचा भाग कुणाच्या तरी साखरेबरोबर गेला होता. गावात जे पुढं घडलं ते सगळं त्या गेलेल्या अर्ध्यात छापलेलं असणार. पण अर्ध्या ज्ञानावर दुनिया चालते, तर ताडकळसनं काय घोडं मारलंय?

अप्पांनी दोघांना ओट्यावर बोलावून कागद वाचून दाखवला.

"लाटव्हिया?" माणिकराव म्हणाले. "नावातच लाटायचं हाय की वो!"

"तसं नाही माणिकराव. तुम्ही भागीदारी समजा. ज्याचं भांडवल जेवढं, त्याला नफा तेवढा. इथं भांडवल म्हणजे माणसं. सात पंच. पेठेची यादी वेगळी, रानाची वेगळी. ज्याला मतं जेवढी त्याचे पंच तेवढे. सगळंच्या सगळं कुणाला नाही, अन् अगदीच काही नाही असंही कुणाला नाही."

भागीदारीचं नाव निघताच बन्सीधरशेटना गोष्ट पटली. रानात माणसं जास्त आहेत हे आठवून माणिकरावांनाही पटली. मग शेट म्हणाले, "मोजणार कोण?"

"मी मोजतो," अप्पा म्हणाले.

"मग तुमचं नाव कुठल्याच यादीत नको. मोजणारा जर एका बाजूचा असला तर मोजणी मानील कोण?"

बोलणं रास्त होतं. रास्त बोलण्याचं हेच वाईट असतं, त्याला उत्तर नसतं. अप्पांनी मान डोलावली. पंच नसलो तरी ओटा आपला आहे, असं मनाशी म्हणून त्यांनी तो घोट गिळला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. "अप्पा, त्या कागदात बायांचं काय म्हनलाव मगाशी?"

"काही नाही बाई. तिकडं बायकाही मत देतात."

"मंग आमची यादी कुठाय?"

ओट्यावर हशा पिकला. शेट म्हणाले, राहू द्या, पंगतीला चटणी असते तशी. माणिकराव म्हणाले, बाया शेवटी नवऱ्याच्याच मडक्यात टाकणार. अशी बायांची यादी हसण्यावारी मंजूर झाली. तीत नाव एकच, कारण बाकीच्या म्हणाल्या, "मनकर्णाआत्या, तुमीच ऱ्हावा. तुमाला इचारणारं कुनी न्हाई." बायका हे कौतुकानं म्हणाल्या होत्या.

आता परवानगी. त्या दिवसांत चार माणसं जमवायची तर आधी सरकारची मंजुरी आणा, अशी गश्ती, म्हणजे सरकारी फर्मान, निघालेली होती. अर्ज उर्दूत लागे. गावचे अर्जनवीस वैजीनाथ यांची उर्दू उत्तम आणि छाती बेताची. निवडणूक हा शब्द त्यांनी ऐकूनच कलम खाली ठेवलं.

"अप्पा, मला लेकरंबाळं हायेत."

"अहो, बत्तीची निवडणूक आहे."

"बत्तीची असो का चिमणीची. सरकारला 'इंतखाब' दिसलं की सरकारची झोप जाती. अन् 'सियासी जमात' लिहिलं तर माझी जाती."

शेवटी वैजीनाथांनी तोड काढली. 'सियासी जमात' न लिहिता 'पक्ष' हाच शब्द त्यांनी उर्दू अक्षरांत जसाच्या तसा उतरवला आणि निवडणुकीचा शब्दच गाळला. अर्ज असा झाला: ताडकळस येथे महालिंगअप्पांच्या दारात पेठेचा, रानाचा आणि बायकांचा असे तीन पक्ष होणार आहेत, लोक जमतील, परवानगी असावी.

पोलीस ठाण्यातल्या अमीनसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "ये पक्ष क्या होता?"

बाजूला उभ्या असलेल्या जवानानं अदबीनं सांगितलं, "साब, बड़े-बूढ़ों के नाम का खाना. इन लोगां भादों में करते."

भाद्रपद चालू होताच. "मजहबी चीज है," अमीनसाहेब म्हणाले. "पर तीन-तीन?"

अप्पांनी तोंड उघडलं. वैजीनाथांनी त्यांच्या पायावर पाय दिला. "तीन बुजुर्ग थे साब," वैजीनाथ म्हणाले.

मंजुरी मिळाली. अट एक: जवान येऊन बघेल, खाना झाला पाहिजे.

म्हणजे लाटव्हियाच्या रीतीत जे नव्हतं ते ताडकळसात आलं: पंगत. डाळ, गूळ, गहू अप्पांच्याच दुकानातून निघाले. त्याचं त्यांना फार वाटलं नाही. वाटलं ते रेवणसिद्धस्वामी आले तेव्हा. स्वामी दर सोमवारी अप्पांकडे येत, विभूती लावत, दोन घास घेत आणि घटकाभर बसत. त्या दिवशी ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

"अप्पा, ऐकतो ते खरं का? लिंगायताच्या घरी पक्ष? आपल्यात माणूस गेला की शिवाला मिळाला. त्याला वर्षाच्या वर्षाला कढी-वडे खायला खाली बोलावणारे तुम्ही कोण?"

"स्वामी, तसले पक्ष नव्हेत. हे निवडणुकीचे."

"म्हणजे माणसं जित्तेपणीच एकमेकांचे पक्ष घालणार?" स्वामी म्हणाले. "ते तर त्याहून वाईट." आणि त्यांनी सोमवारचं येणं बंद केलं. अप्पांचं बसणाऱ्या माणसांचं खातं उघडायच्या आधीच एकानं वजा झालं.

निवडणुकीच्या दिवशी ओट्याच्या कोपऱ्यात आडोसा करून तीन मडकी मांडली. पेठेच्या मडक्यावर तराजू काढला होता, रानाच्या मडक्यावर बैल, बायांच्या मडक्यावर चूल. ज्याला त्याला एकेक चिंचोका द्यायचा, त्यानं तो आडोशाला जाऊन हव्या त्या मडक्यात टाकायचा. अप्पा उभे राहिले, गळा साफ केला आणि म्हणाले, "मंडळी, एकेकानं यावं आणि आपलं मत द्यावं."

आणि मंडळी एकेकानं येऊन आपलं मत देऊ लागली.

पहिला आलेला लिंबाजी चिंचोका मुठीत धरून ओट्यावर बसला. "माझं मत इचाराल तर अप्पा, बत्ती आणायलाच नको होती. उजेडाला साप येतंय."

"साप उजेडाला येत नाही लिंबाजी. तू मत दे."

"तेच तर द्यायलोय. उजेडाला किडं, किड्याला बेडूक, बेडकाला साप. आता साप कशाला येतंय ते तुमी सांगा."

दुसऱ्याचं मत होतं की बत्तीपेक्षा आडाला रहाट हवा होता. तिसऱ्याचं मत बन्सीधरशेटच्या गजाबद्दल होतं, तो गज किती बोटं कमी आहे याबद्दल. वच्छलाबाई नावाच्या म्हातारीनं मत दिलं की अप्पांनी उमादेवीला औषधपाणी वेळेवर केलं नाही. आणि मत देऊन झाल्यावर ती चिंचोका कमरेला खोचून निघाली. तिला परत बोलवावं लागलं.

खरं सांगायचं तर अप्पांनी चिडायला हवं होतं. ओट्याखाली रांग लागली होती, जवान पंगतीवर ताव मारून झोपला होता, ऊन उतरत होतं. पण प्रत्येक माणूस येत होता, समोर बसत होता, अप्पांच्या तोंडाकडे बघून बोलत होता. उठायची घाई कुणालाच नव्हती. म्हातारीचं ते औषधपाण्याचं बोलणंसुद्धा त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. तीन वर्षांत उमादेवीचं नाव त्यांच्यासमोर कुणी काढलं नव्हतं. "तू म्हणतीस ते खरं असंल," ते म्हातारीला म्हणाले. त्या दिवशी अप्पा पोटभर जगले, जेवायचे मात्र राहून गेले.

मोजणी झाली. पेठेला तीन, रानाला तीन, बायांना एक. रानाची माणसं जास्त असून चवथा पंच का नाही, याचं कारण रानातल्या घराघरांत त्या संध्याकाळी विचारलं गेलं. एकाही बाईनं सांगितलं नाही.

पहिली बैठक सोमवारी. अप्पांनी सतरंजी झाडली, पानाचं तबक घासलं, बत्ती टांगली. सहा पंच आले. मनकर्णाबाई पुरुषांच्या ओट्यावर दिवेलागणीला कशी येणार? ती भिंतीपलीकडे उभी राहिली. ठराव एकच होता: बत्ती पेठेत की मारुतीपाशी? तीन हात वर, तीन हात खाली. सगळ्या माना भिंतीकडे वळल्या.

"मनकर्णाबाई, तुमचं?"

"इचार करून सांगते," बाई म्हणाली आणि तव्यावर भाकरी टाकली. तिचा थाप-थाप आवाज सहा कर्त्या पुरुषांनी निमूट ऐकला.

पुढच्या चार दिवसांत बन्सीधरशेटनी बाईच्या ओसरीवर तीन खेपा केल्या. माणिकरावांनी तिच्या दिराला बोलावून, वहिनीला विचारल्याशिवाय यंदा शेतात काय पेरलंस म्हणून झापलं. दीर पहिल्यांदाच विचारायला आला, "वैनी, करडई टाकू का हरभरा?" मनकर्णाबाईनं त्यालाही सांगितलं, "इचार करून सांगते." तो रात्रभर बसून राहील असं वाटल्यावर तिनं हरभरा म्हटलं.

दुसऱ्या बैठकीत माणिकरावांनी ठराव मांडला की बाई या कमिटीच्या पंच असून त्यांना भिंतीआड उभं करणं बरं दिसत नाही, सबब बैठक बाईंच्या ओसरीवर भरावी, बाईंनी दाराआड बसावं. बन्सीधरशेटनी तत्काळ दुजोरा दिला. मागं राहून चाललं नसतं. ताडकळसच्या बत्ती कमिटीनं एकमतानं केलेला तो पहिला ठराव. अप्पांनी काहीतरी म्हणायला हात वर केला. पण हात पंचांनी वर करायचा असतो.

बत्ती अर्थातच बैठकीबरोबर गेली. सतरंजीही गेली, कारण बाईच्या घरी तेवढी मोठी नव्हती. बत्तीचा निकाल मात्र लागला नाही. एका सोमवारी बाई पेठेकडे झुकायची, पुढच्या सोमवारी रानाकडे. निकाल नाही म्हणून बैठक आठवड्याची रोजची झाली. पंच नसलेलेही येऊ लागले. लिंबाजी आला, सापाचं विसरला. अप्पा आपल्या ओट्यावर कंदील घेऊन बसत. उजेड भिंतीवरून त्यांच्या परसात पडे आणि हसणंही ऐकू येई. एकदा वाटलं, जावं. पण काय म्हणून जावं? पंच नाही, पाहुणा नाही. आणि "अप्पा, तुमी कसं काय?" असं कुणी विचारलं तर?

हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की दिवेलागणीला आताशा कुणी विचारत नाही, आज पुन्हा खिचडीच का. बाईला वेळ कुठला? तिच्या चुलीवर सात माणसांचा चहा असे. एका संध्याकाळी अप्पांनी मुद्दाम खिचडी करपू दिली. वास भिंतीपलीकडे नक्की गेला. पलीकडे आडाच्या रहाटावरून वाद चालू होता.

उन्हाळ्यानंतर रद्दीचा नवा गठ्ठा आला, आणि त्यात लाटव्हिया पुन्हा. तिथल्या मुख्य प्रधानानंच एका रात्रीत लोकसभा बंद केली, पक्ष मोडीत काढले. अप्पांनी गिऱ्हाइकाला उभं ठेवून ते दोनदा वाचलं. वाईट वाटायला हवं होतं. पण माणसाचा स्वभाव आहे. त्यांच्या मनात आलं, असंही करता येतं तर! बत्ती कुणाची? मी दिलेली. सतरंजी कुणाची? बत्ती उचलायची, सतरंजी गुंडाळायची, की झालं. मग माणसं कुठं बसतील?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, पंच रानात आणि दुकानांत असताना, अप्पा परसात गेले. भिंतीशी उभे राहिले. इतक्या वर्षांत भिंतीवरून पहिली हाक त्यांनी कधी मारली नव्हती. ती कशी मारतात हेही त्यांना नीट ठाऊक नव्हतं.

"बाई," ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "मनकर्णाबाई!"

बाई पदर सावरत आली. "काय वो अप्पा? बरं न्हाई का?"

"बरंय. म्हटलं, कमिटीचा तुम्हाला ताप होत असंल. रोजचं चहापाणी, रोजची गर्दी. तुम्ही म्हणाल तर बंद करू. बत्ती मी माघारी आणतो."

बाईनं मागं वळून ओसरीकडे पाहिलं. मग भिंतीवर हात टेकून म्हणाली, "ताप तर लय हाय. माझ्या डोक्यावरून एकमेकाशी बोलत्यात समदे. माझ्याशी कुनी बोलत न्हाई. नुसतं शेवटी इचारत्यात. पाठ मोडती, जळण पुरत न्हाई."

"मग?"

"पन इचारत्यात वो," बाई म्हणाली. "बापानं न्हाई इचारलं, मालकानं न्हाई, दिरानं न्हाई. आता मी 'थांबा' म्हनलं की सहा बाप्ये थांबत्यात. तुमीच केलाव हे, अप्पा. तुमच्यामुळंच झालं. नका मोडू."

अप्पांनी बोलायचं म्हणून रात्री जुळवलेलं बरंच काही होतं. ते म्हणाले, "नाही, मी आपलं सहज. बत्तीची जाळी बदलायला झाली असंल, ती देऊन ठेवतो."

"द्या," बाई म्हणाली. "आन् जेवलाव का?" पण तेवढ्यात पुढच्या दारी कुणीतरी हाक मारली आणि उत्तर न घेताच ती गेली.

तेव्हा शेवटचा हिशेब असा. पेठेचं काही गेलं नाही. बत्तीवरून भांडायला जागा मिळाली. रानाचं काही गेलं नाही; भांडण ऐकायला उजेड मिळाला. मनकर्णाबाईनं पाठ दिली, जळण दिलं, संध्याकाळची शांतता दिली आणि बदल्यात हो-नाही म्हणायचा मान घेतला. तो सौदा तिला परवडला. स्वामींचा सोमवार, ओट्यावरची सतरंजी, आणि दिवेलागणीची ती एक हाक, जी जमेला कधी धरलीच नव्हती म्हणून गेल्याचं कुणाला सांगताही येईना, एवढं सगळं महालिंगअप्पांच्या नावावर पडलं, आणि त्यांनी ते कुरकुर न करता भरलं.